यादीत नाव लागेपर्यंत
(स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी मला बजावलं आहे, 'कारखान्याबद्दल बोल, पण लांबवू नकोस.' सकाळपासून चहाच्या टेबलाशी तिघा-चौघांनी मला एकच प्रश्न विचारला. कुणाचा मुलगा चाकणला मशीन शॉप चालवतो, कुणाच्या जावयाची नाशिकला शेड आहे, आणि सगळ्यांना हवंय ते हेच : परदेशातल्या मोठ्या कंपन्यांच्या यादीत नाव कसं लावायचं? तेव्हा त्यावरच बोलतो.

आम्ही भोसरीत फ्लँज बनवतो. फ्लँज म्हणजे पाइपाच्या टोकाला बसणारी, भोकं पाडलेली जाड पोलादी चकती. दोन चकत्या समोरासमोर आणायच्या, मध्ये गॅस्केट घालायचं, बोल्ट आवळायचे, झाला सांधा. एका तेलशुद्धीकरण कारखान्यात असे हजारो सांधे असतात. हे कारखाने उभे करून देणाऱ्या कंपन्या वेगळ्या. इटलीची सायपेम, फ्रान्सची टेक्निप एनर्जीज, जपानची जेजीसी, अशा. आराखडा, खरेदी, उभारणी सगळं त्यांच्याकडे. आमच्या धंद्यात त्यांना 'ईपीसी' म्हणतात.

पहिली मेख इथेच आहे. ईपीसीची यादी एक आणि ज्याचा कारखाना, त्या मालकाची यादी दुसरी. ईपीसीनं तुम्हाला पसंत केलं तरी त्या प्रकल्पावर मालकाच्या यादीत तुमचं नाव नसेल, तर तुमचा दर कुणी उघडूनसुद्धा बघत नाही. पुष्कळ जण संगणकावर नोंदणीचा फॉर्म भरतात, पोचपावती आली की पेढे वाटतात आणि चार-चार वर्षं वाट बघत बसतात. दहावीचा फॉर्म भरला म्हणजे कोणी पास झाला, असं आपल्या वेळी तरी नव्हतं.

दुसरी मेख तुम्हाला ओळखीची वाटेल. ते विचारतात, 'आधी कुणाला माल दिलाय?' आणि यादीत असल्याशिवाय माल देता येत नाही. लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही, तशातली गत. आम्ही त्यातून दोन वाटांनी बाहेर आलो. एक, आपल्याकडच्या रिफायनऱ्यांची कामं. त्यासाठी इंजिनिअर्स इंडियाच्या यादीत शिरणं अवघड, पण आवाक्यातलं होतं. दुसरी, युरोपातले स्टॉकिस्ट. ते माल घेऊन गोदामात ठेवतात आणि निकड असेल त्याला विकतात. नफा जवळजवळ नाहीच. पण फ्लँजवर ठोकलेली खूण आमची, सर्टिफिकेटवर नाव आमचं. ती पाच वर्षं आम्ही पैशासाठी नाही, त्या नावासाठी माल पाठवला. घरून विचारणा व्हायची, की हा धंदा आहे की धर्मादाय?

आता सर्टिफिकेटबद्दल. आम्ही त्याला टीसी म्हणतो. तुम्हाला टीसी म्हटलं की रेल्वेतला काळा कोट आठवेल. आमच्या टीसीवर पोलाद कुठल्या भट्टीच्या कुठल्या हीटमधून आलं, त्यात कार्बन किती, ते किती ताण सोसतं, सगळं लिहिलेलं असतं. युरोपातल्या ईएन १०२०४ या मानकात ३.१ नावाचा प्रकार आहे. त्याची अट अशी, की सही करणारा माणूस उत्पादन खात्यापासून स्वतंत्र पाहिजे. वाचायला सोपं आहे. पण लहान कारखान्यात मालक, फोरमन, तपासनीस हे बहुधा एकच डोकं असतं किंवा एकाच घरातली तीन. आम्ही त्या सहीसाठी एका तरुण मेटलर्जिस्ट मुलीला नेमलं. जुने कारागीर नाराज झाले. त्यांनी तीस-तीस वर्षं घण चालवलेला. 'आमच्यावर विश्वास नाही का?' असं एकानं मला तोंडावर विचारलं.

त्याला मी दोन तुकडे दाखवले. एक ए१०५, दुसरा ए३५० एलएफ२. डोळ्यांना दोन्ही सारखेच. पण एलएफ२ ला उणे ४६ अंशांच्या थंडीत फटका सोसून दाखवावा लागतो, ए१०५ ला ती अट नाही. थंड गॅसच्या लाइनवर चुकीचा तुकडा लागला, तर तो काचेसारखा तडकू शकतो, आणि शेजारी उभा असतो तो कुणाचा तरी मुलगा. म्हणून बार कापण्याआधी प्रत्येक तुकड्यावर हीट नंबर ठोकायचा, कापल्यानंतर नाही, हा आमच्याकडचा पहिला नियम झाला.

ही फटक्याची चाचणी म्हणजे आपल्या प्रयोगशाळेतला लंबकच, फक्त त्याला घण बांधलेला. खाच पाडलेले तीन नमुने तोडतात. सरासरी किमान २० जूल हवी आणि एकही नमुना १६ च्या खाली चालत नाही. इटलीला जायच्या एका लॉटमध्ये दोन नमुने उत्तम निघाले, तिसरा १३ वर तुटला. कंटेनर दारात उभा. फोरमन म्हणाला, 'दुसरा तुकडा घेऊन परत चाचणी करू, हा नमुनाच खराब असेल.' त्या मुलीनं सही केली नाही. माझ्याकडेही आली नाही. लॉटवर लाल पट्टी चिकटवली, कागद लिहिला आणि जेवायला गेली. सगळा माल परत भट्टीत घालावा लागला, परत चाचण्या झाल्या, तीन आठवडे उशीर झाला. गिऱ्हाइकानं करारानुसार दंड कापून घेतला. त्या महिन्याचे पगार ओव्हरड्राफ्टमधून झाले.

दोन वर्षांनी एका मोठ्या ईपीसीचा ऑडिटर आला. आम्ही शेड रंगवली होती, नव्या सीएनसी मशीनवर हार घातला होता. तो मशीनपाशी दोन मिनिटंसुद्धा थांबला नाही. थेट भंगाराच्या ढिगाकडे गेला, एक तुकडा उचलला आणि विचारलं, 'हा कुठल्या हीटचा?' स्टोअरकीपरनं नंबर वाचला, रजिस्टर काढलं, पान दाखवलं. मग ऑफिसात बसून त्यानं नापास मालाची फाइल मागितली. पुष्कळ कारखानदार ती कोरी ठेवतात. पाहुण्यांपुढे घरची भांडणं कशाला! पण ऑडिटरला कोरी फाइल दिसली की तो सावध होतो. आपले विज्ञानाचे सर आठवतात? लंबकाच्या प्रयोगात कुणाची दहाही वाचनं तंतोतंत जुळली, की ते जर्नल परत करायचे आणि म्हणायचे, 'एकही वाचन घेतलेलं दिसत नाही.' सर आज समोर बसलेत, हसतायत.

त्या ऑडिटरनं त्या १३ जूलच्या कागदावर तासभर घालवला. लाल पट्टी कुणी लावली, मालकाला कधी कळलं, भट्टीचा दुसऱ्या वेळचा तापमानाचा आलेख कुठे आहे. त्या मुलीला त्यानं एकटीला बसवून प्रश्न विचारले. मला बाहेर थांबायला सांगितलं. आमच्याच ऑफिसच्या बाहेर, स्टुलावर. सात त्रुटी काढून तो गेला. त्या भरून काढायला चार महिने लागले आणि मग पत्र आलं.

पत्र म्हणजे ऑर्डर नव्हे, हेही सांगून टाकतो. नंतर चौकशा येतात, कोरियाच्या नि इटलीच्या दराशी झुंजावं लागतं, बँक गॅरंटीत पैसा अडकतो, आणि काही वर्षांनी फेरतपासणी. ज्यांची मुलं या वाटेला लागणार आहेत, त्यांनी एक दिवस भोसरीला पाठवून द्यावीत. मशीन दाखवणार नाही, ती फाइल दाखवीन. त्या मुलीला, म्हणजे आता आमच्या क्वालिटी मॅनेजर आहेत त्या, त्यांना वेळ असला तर त्याच समजावून देतील.

फक्त या आठवड्यात नको. गुरुवारी माद्रिदहून माणसं फेरतपासणीला यायची आहेत, त्यामुळे मला उद्या पहाटेच्या गाडीनं निघावं लागेल. आजच्या जेवणाला मात्र शेवटच्या पंगतीपर्यंत थांबणार आहे.