मोबाइलमधली कुस्ती टीव्हीवर

यंत्रांविषयी काहीही बोलायला घेतलं तरी सातारा-सांगलीकडच्या श्रोत्यांचा प्रश्न फिरून फिरून एकच येतो: मोबाइलवरचा व्हिडिओ वायर न लावता टीव्हीवर कसा आणायचा? विचारणारे बदलतात, कारणं बदलतात. कुणाला कुस्तीचं मैदान बघायचं असतं, कुणाला बैलगाडा शर्यतीचं थेट प्रक्षेपण, कुणाला पुण्यात झालेलं नातवाचं बारसं. २०२२च्या एप्रिलमध्ये महाराष्ट्र केसरी साताऱ्यात झाली. पुढच्या वर्षी मार्चमध्ये पहिली महिला महाराष्ट्र केसरी सांगलीत झाली आणि गदाही सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीनं पटकावली. आता असल्या लढती घरातल्या चौघांनी सहा इंची काचेवर डोक्याला डोकं लावून बघायच्या, आणि समोर भिंतीवर बेचाळीस इंची टीव्ही नुसता काळाठिक्कर टांगलेला! प्रश्न रास्तच आहे.

उत्तरही तसं अवघड नाही. घोटाळा होतो तो भलत्याच ठिकाणी. विचारणाऱ्याच्या मनात एकच गोष्ट असते आणि फोनमध्ये त्या दोन असतात. दुकानदार दोन्हींना ‘कनेक्ट करणं’ म्हणतो, मुलं दोन्हींना ‘कास्ट’ म्हणतात, आणि घरातली वडीलधारी माणसं एका गोष्टीचं बटण शोधत दुसरीच्या सेटिंगमध्ये हरवतात.

पहिली गोष्ट, कास्ट. यूट्यूबवर व्हिडिओ लावला की पडद्याच्या वरच्या बाजूला एक लहानशी चौकट दिसते. तिच्या डाव्या खालच्या कोपऱ्यातून तीन वक्र रेषा निघालेल्या असतात. ती चौकट दाबली की घरातल्या टीव्हीचं नाव येतं. नावावर बोट ठेवलं की कुस्ती टीव्हीवर सुरू. बघणाऱ्याला वाटतं, फोननं व्हिडिओ टीव्हीकडे पाठवला. तसं होत नाही. फोन टीव्हीला एवढंच सांगतो की अमुक व्हिडिओ लाव. पुढे टीव्ही स्वतः वायफायवरून तो व्हिडिओ इंटरनेटवरून ओढून घेतो आणि फोन उरतो रिमोटपुरता. म्हणून मध्येच मामांचा फोन आला तर खुशाल बोलावं, टीव्हीवर डाव चालूच राहतो. फोनची बॅटरीही फारशी खर्च होत नाही.

दुसरी गोष्ट, स्क्रीन मिररिंग. इथे मात्र फोनच्या पडद्यावर जे जे दिसेल ते सगळं, जसंच्या तसं, टीव्हीवर उमटतं. व्हिडिओ, फोटो, आलेला मेसेज, फोन करणाऱ्याचं नाव, सगळं. सॅमसंगच्या फोनवर याला ‘स्मार्ट व्ह्यू’ म्हणतात, आयफोनवर ‘स्क्रीन मिररिंग’, आणि शाओमीच्या फोनवर चक्क ‘कास्ट’! आता ज्यांनी नावं ठेवली त्यांनीच गोंधळ घातल्यावर सातारच्या पेन्शनर मंडळींना हसण्यात काय अर्थ आहे? बहुतेक अँड्रॉइड फोनांत यामागे ‘मिराकास्ट’ नावाची पद्धत असते. वाय-फाय अलायन्स या संस्थेनं ती २०१२ साली आणली. तिला इंटरनेट लागत नाही आणि राउटरही लागत नाही. फोन आणि टीव्ही एकमेकांशी थेट बोलतात. मळ्यातल्या वस्तीवर, जिथे वायफायचा पत्ता नाही, तिथेही गॅलरीतला लग्नाचा व्हिडिओ अशा तऱ्हेनं टीव्हीवर दिसू शकतो. अट एकच, टीव्ही मिराकास्ट ओळखणारा हवा.

तर नियम सोपा आहे. यूट्यूबसारख्या अ‍ॅपमधला व्हिडिओ असेल तर कास्ट. फोनमध्ये साठवलेलं काही दाखवायचं असेल तर मिररिंग. हे उलटं केलं की तक्रारी सुरू होतात. ‘आवाज येतो पण चित्र काळं दिसतं’ ही त्यातली सगळ्यांत मोठी. टीव्ही बिघडलेला नसतो. पैसे भरून बघायच्या सिनेमांच्या अ‍ॅपमध्ये चोरून नक्कल होऊ नये म्हणून चित्र मुद्दाम अडवलेलं असतं, ते मिररिंगनं जात नाही. तोच सिनेमा टीव्हीतल्या अ‍ॅपमध्ये लावावा.

दुसरी तक्रार: ‘टीव्हीचं नावच दिसत नाही.’ कास्ट करायचं तर फोन आणि टीव्ही एकाच वायफायवर हवेत. टीव्ही घरच्या वायफायवर आणि फोन मात्र मोबाइल डेटावर, असं असलं तर नाव दिसणार कुठून? काही राउटर दोन नावांनी वायफाय देतात, एकाच्या शेवटी ‘५जी’ लिहिलेलं असतं. त्या ५जीचा मोबाइलच्या ५जीशी काडीचा संबंध नाही. ती लहरींची दुसरी पट्टी आहे, वेगवान, पण भिंती ओलांडण्यात कच्ची. सातारच्या जुन्या पेठांमधले वाडे घ्या नाहीतर वाईची घाटालगतची घरं. भिंती हातभर जाडीच्या, राउटर पुढच्या सोप्यात आणि टीव्ही माजघरात. तिथे साधी पट्टीच बरी. आणि राउटर लोखंडी कपाटाच्या मागे दडवून ‘रेंज येत नाही’ म्हणू नये. तो काही चोरीला जात नाही.

वायफाय नाही, एका फोनचा हॉटस्पॉट लावून टीव्ही चालवायचा, हेही जमतं. पण हिशोब करा. नेटफ्लिक्सच्याच सांगण्याप्रमाणे एचडी दर्जाचा व्हिडिओ तासाला ३ जीबीपर्यंत डेटा खातो, साध्या दर्जाचा सुमारे १ जीबी. रोजचा दीड जीबीचा पॅक असेल तर एचडीत लावलेली कुस्ती अर्ध्या तासात चीतपट. सेटिंगमध्ये जाऊन दर्जा उतरवावा.

आता मुख्य गोष्ट. बाकीचं विसरलात तरी चालेल, ही विसरू नका. इथून पुढे रेडिओ थोडा मोठा करा, आणि स्वयंपाकघरात कुणी असेल तर हाक मारून बोलवा.

मिररिंग सुरू करताना अनेक अँड्रॉइड फोन एक चौकट दाखवतात. बऱ्याच घरांत फोन इंग्रजीत असतो, म्हणून चौकटही इंग्रजीत. तिच्यात लिहिलेलं असतं की पडद्यावर दिसणारी सगळी माहिती, पासवर्ड, पैशांचे व्यवहार, फोटो, मेसेज, हे सगळं समोरच्या बाजूला दिसेल. खाली दोन बटणं. माणूस वाचत नाही, ‘सुरू करा’वर बोट ठेवतो आणि मोकळा होतो. समोरची बाजू म्हणजे आपल्याच भिंतीवरचा टीव्ही असेल तर फारसं बिघडत नाही. फार तर पाहुण्यांसमोर एखादा घरगुती मेसेज झळकतो.

पण तीच चौकट, त्याच शब्दांत, दुसऱ्या एका वेळीही येते. तेव्हा समोर टीव्ही नसतो, माणूस असतो.

समजा, कराडच्या एका घरात टीव्हीला फोन जोडला जात नाही. घरातले काका गुगलवर कंपनीचा ग्राहक सेवा क्रमांक शोधतात. वर जो क्रमांक दिसतो तो कंपनीचा असतोच असं नाही. लबाडांनी पेरलेले खोटे क्रमांक तिथे सापडतात. पलीकडून गोड आवाज येतो: ‘सर, काळजी करू नका, एक अ‍ॅप घ्या, मी इथूनच जोडून देतो.’ काका अ‍ॅप घेतात. त्यात एक नऊ-दहा आकडी क्रमांक दिसतो, तो वाचून दाखवतात. चौकट येते, काका ‘सुरू करा’ दाबतात. त्यांना वाटतं, टीव्हीसाठीच चाललंय, मुलानं दिवाळीत असंच काहीतरी दाबलं होतं. मग आवाज म्हणतो, ‘नोंदणीचे फक्त १० रुपये भरा.’ काका पैसे भरायला लागतात, आणि त्यांचा पिन, बँकेचा मेसेज, ओटीपी, एकेक आकडा पलीकडच्या माणसाच्या डोळ्यांसमोर उमटत जातो. ओटीपी कुणाला सांगू नका हे काकांना पाठ असतं. ते सांगतही नाहीत. सांगायची गरजच उरलेली नसते! तिजोरी उघडताना अनोळखी माणसाला शेजारी पाट मांडून बसवलं, तर किल्लीचा आकार त्याला वेगळा कशाला सांगायला हवा?

रिझर्व्ह बँकेनं फेब्रुवारी २०१९मध्येच एनीडेस्क या अ‍ॅपच्या अशा गैरवापराबद्दल बँकांना सावध केलं होतं. अ‍ॅप स्वतः लबाड नाही. कचेऱ्यांमध्ये दुसऱ्या गावचा संगणक दुरुस्त करायला अशीच अ‍ॅप वापरतात. लबाड असतो तो क्रमांक विचारणारा. आणि आता वेगळं अ‍ॅपही लागत नाही. ऑगस्ट २०२३पासून व्हॉट्सअ‍ॅपच्या व्हिडिओ कॉलमध्येच पडदा दाखवायची सोय आली. परदेशातल्या लेकीला फोनमधली अडचण दाखवायला ती उत्तम आहे. बँकेचा साहेब म्हणवणाऱ्या अनोळखी माणसासाठी मुळीच नाही. ‘आज रात्री साडेनऊला तुमची वीज तोडली जाईल, या क्रमांकावर बोला’ असे मेसेज तुमच्यापैकी अनेकांनी पाहिले असतील. ते आपले नाहीत, असं महावितरणनं वारंवार सांगितलं. त्या क्रमांकावर बोलणारा माणूसही शेवटी येतो तो इथेच: अ‍ॅप घ्या, पडदा दाखवा.

म्हणून पुन्हा सांगणं आहे. पडदा टीव्हीला द्यायचा, माणसाला नाही. टीव्ही जोडायला बाहेरच्या कुणालाही तुमच्या फोनमध्ये डोकवावं लागत नाही. यूट्यूब टीव्हीला जोडायला कसलंही शुल्क नाही, दहा रुपये नाहीत आणि एक रुपयाही नाही. कुणी मागितलं की फोन ठेवायचा. ‘पण तो फार आदरानं बोलत होता हो’ असं फसलेली माणसं नंतर सांगतात, आणि ऐकताना रागही येतो, पोटात कालवतंही. आदरानं बोलणार नाही तर काय दरडावून लुटणार? ‘नाही’ म्हटल्यावर समोरच्याला वाईट वाटेल, एवढ्या भिडेपायी आपली माणसं आयुष्याची पुंजी घालवून बसतात. खुशाल उद्धट व्हा. कंपनीचा खरा क्रमांक टीव्हीच्या खोक्यावर आणि वॉरंटी कार्डावर छापलेला असतो, खोकं माळ्यावर असेल तर खाली काढा.

आणि घात झालाच तर? आधी फोनचं इंटरनेट बंद करा. लगेच १९३० हा क्रमांक फिरवा, सायबर फसवणुकीसाठीचा देशभरचा तो क्रमांक आहे. बँकेलाही त्याच तासात कळवा, दुसऱ्या दिवशी सकाळी नव्हे. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७च्या परिपत्रकाप्रमाणे ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे पैसे गेले तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं, कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. घरात बोलणी बसतील म्हणून दोन दिवस गप्प राहणं किती महाग पडतं, ते यावरून समजावं.

पुण्या-मुंबईला असलेल्या मुलामुलींनाही दोन शब्द. तुम्ही सुट्टीला येता, आईच्या हातातून फोन ओढून घेता, दोन मिनिटांत टीव्ही जोडून देता आणि रविवारच्या गाडीनं निघून जाता. पुढच्या रविवारी ती जोडणी तुटते, आणि ती माउली गुगलवर क्रमांक शोधते. बाबांनो, तिच्याच हातात फोन द्या, तिच्याच बोटानं चारदा करून घ्या. टीव्हीच्या नावाऐवजी इंग्रजी अक्षरं आणि आकडे दिसत असतील तर सेटिंगमध्ये जाऊन ‘माजघर टीव्ही’ असं सरळ नाव द्या, म्हणजे अपार्टमेंटमधल्या शेजाऱ्याच्या टीव्हीवर आपली आरती सुरू व्हायची नाही.

राहिलेल्या प्रश्नांची झटपट उत्तरं. टीव्ही स्मार्ट नाही पण मागे एचडीएमआयची खाच आहे, तर बाजारात मिळणारी स्टिक लावली की काम होतं. लाल-पिवळ्या-पांढऱ्या पिनांचा जुना डबा टीव्ही असेल तर त्याच्यामागे लागू नका. मिररिंगमध्ये आवाज ओठांच्या मागे पडतो, चालायचंच. फोन आणि टीव्ही वेगळ्या वायफायवर असतील तर टीव्हीतल्या यूट्यूबच्या सेटिंगमध्ये ‘टीव्ही कोड’ मिळतो, तो फोनच्या यूट्यूबमध्ये घातला की जोडणी होते. पण हा कोड स्वतःच्या फोनमध्ये घालायचा असतो, फोनवर कुणाला वाचून दाखवायचा नसतो. कार्यक्रम बघून झाला की ‘डिसकनेक्ट’ दाबा, नाहीतर पोरं रात्री फोनवर काय बघतात ते अख्ख्या घराला कळेल. काही घरांत ते बरंच म्हणा.

हे सगळं करून बघायला आज संध्याकाळ चांगली. फक्त कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगावच्या श्रोत्यांनी वेळ जपावी. त्यांच्या गावानं २०२२ साली ठरवलं की संध्याकाळी सातला भोंगा वाजला की दीड तास टीव्ही आणि मोबाइल बंद, मुलांनी अभ्यास करायचा आणि मोठ्यांनी एकमेकांशी बोलायचं. वडगावकरांनी टीव्ही साडेआठनंतर जोडावा.