अर्जाविना मिळालेली मंजुरी

समोर सतरंजीवर बसलेल्या बालमित्रांनो, आणि तोंडाला रंग लावून पडद्याआड ताटकळत उभ्या असलेल्या व म्हणून माझे भाषण लवकर संपावे अशी मनोमन प्रार्थना करीत असलेल्या कलावंतांनो,

या पारितोषिक समारंभाच्या निमंत्रणपत्रात मला ‘व्यवसायाची निवड’ या विषयावर चार मार्गदर्शनपर शब्द सांगण्याची आज्ञा झाली होती, आणि त्या आज्ञेस अनुसरून मी एक टिपण सिद्ध करून खिशात ठेवलेही होते. परंतु आज दुपारी जुन्या स्टेशनाच्या बाजूने गावात शिरताना मन असे काही मागे धावले की त्या टिपणाची घडी उलगडण्याची इच्छाच उरली नाही. १८९७ साली कुर्डुवाडीहून बार्शीपर्यंत आलेली आणि पुढे निजामी मुलखात शिरून १९११ साली लातुरास पोचलेली ती अडीच फुटी रुळांची गाडी, मुलांनो, तुम्हांपैकी कोणीच पाहिलेली नाही. आमच्या लहानपणी ती घाटात धापा टाकीत चढे, आणि जिल्ह्याच्या गावाला रेल्वे नाही पण आपल्या येडशीला आहे या एका गोष्टीचा आम्हांस इतका गर्व असे की धाराशिवहून गाडी धरण्यासाठी येथवर येणाऱ्या वकील-कारकुनांकडे आम्ही काहीशा अनुकंपेने पाहत असू. आता जिल्ह्याच्या गावालाही पोचलेल्या रुंद रुळांच्या गाडीने तो गर्व हरण केला; पण रामलिंगच्या देवळापाशी असणारी माकडे मात्र तेव्हा जितकी उद्धट होती तितकीच आजही आहेत, याची खातरजमा मी सकाळीच करून आलो आहे.

ती माकडे हे माझ्या चित्रांचे पहिले नमुने. श्रावणात जटायूची कथा ऐकत मोठी माणसे दर्शनाच्या रांगेत उभी असत, आणि मी खालच्या ओढ्याशी वहीच्या मागच्या पानांवर शेपट्या रेखाटीत बसे. ते उद्योग वर्गात उघडकीस आले तेव्हा ज्यांनी वही जप्त करण्याऐवजी दुसरी कोरी वही आणून दिली, ते आमचे चित्रकलेचे गुरुजी आज येथे पहिल्या रांगेत, डावीकडून तिसऱ्या खुर्चीत बसले आहेत. गुरुजी, आपण मान हलवून नाही म्हणता आहात, पण मला पक्के आठवते. एलिमेंटरी परीक्षेच्या तयारीसाठी वस्तुचित्राला निरनिराळ्या वस्तू हव्यात, आणि शाळेत तर एका मातीच्या घागरीवाचून दुसरे काही नाही. म्हणून वर्षभर ती एकच घागर कधी उजेडाकडे, कधी अंधाराकडे, कधी आडवी, कधी तोंड फुटल्यावर तशीच फुटकी मांडून गुरुजींनी आमच्याकडून काढून घेतली. घागरीचे तोंड वर्तुळ असूनही डोळ्यांना लंबगोल दिसते, आणि तो लंबगोल बिघडला की घागर जमिनीवर उभीच राहत नाही, हे ज्ञान मला त्या दारिद्र्यातून प्राप्त झाले.

त्याच गुरुजींनी आम्हांस तेरला नेले. तेर येथून फार दूर नाही. गोरोबाकाकांचे गाव, म्हणजे कुंभाराचेच. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील एका ग्रीक नाविकाच्या प्रवासग्रंथात ‘तगर’ नावाच्या ज्या पेठेतून गाड्या भरून कापड भडोचच्या बंदराकडे जात असल्याचा उल्लेख आहे, ती पेठ म्हणजे हेच तेर, हे विद्वानांनी मान्य केले आहे. पण तेरच्या पांढरीच्या टेकाडांतून पावसाळ्यात वाहून येणारे मणी, मृण्मूर्ती, खापरे, दिवे यांना जेव्हा कोणी किंमत देत नव्हते, त्या काळी रामलिंगप्पा लामतुरे नावाच्या एका व्यापाऱ्याने ते वेचून जपून ठेवण्याचा नाद धरला. हा गृहस्थ पुरातत्त्ववेत्ता नव्हता. त्याला ना कोणा सरकारचा हुकूम होता, ना कोणत्या विद्यापीठाची सनद. वखार सांभाळावी, हिशेब लिहावा आणि मातीतून आलेली वस्तू हाती पडली की ती पुसून ठेवावी, एवढाच त्याचा क्रम. त्या संग्रहात एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती आहे, आणि ज्वालामुखीच्या राखेखाली इ. स. ७९ मध्ये गाडल्या गेलेल्या इटलीतील पॉम्पेई नगरात १९३८ साली जी भारतीय हस्तिदंती मूर्ती सापडली, तिच्याशी या तेरच्या मूर्तीचे विलक्षण साम्य आहे; लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधील डग्लस बॅरेट यांनी तेरवर एक स्वतंत्र पुस्तकच लिहिले, ते १९६० साली मुंबईत प्रसिद्ध झाले. आज लामतुरेंच्या नावाचे शासकीय संग्रहालय तेरला उभे आहे. त्यांना कोणी विचारले असते, ‘शेटजी, या खापरांचा उपयोग काय?’ तर ते काय उत्तर देते?

मी पुढे महसूल खात्यात कारकून झालो. दप्तरे, फेरफार, पीकपाहणी, शेरे, यात दिवस जात, आणि रिकाम्या वेळी मी टेबलावरची दौत, शिपायाची वहाण, खिडकीतला माठ असे जे दिसेल ते काढीत असे. असाच एकदा नदीकाठच्या एका टेकाडावर चाललेल्या उत्खननाच्या छावणीत जमिनीचे कागद पोचविण्याच्या कामी माझी रवानगी झाली. तेथील आरेखक तापाने अंथरुणास खिळला होता, खापरांचे ढीग तसेच पडून होते, आणि साहेबांची सही होईपर्यंत करायचे काय म्हणून मी एक काठाचे खापर उचलून कागदावर उतरविले. छावणीच्या प्रमुखांनी ते पाहिले, आणि मला संध्याकाळपर्यंत परत जाऊ दिले नाही. त्या एका खापरातून माझे सारे उर्वरित आयुष्य निघाले.

हे काम कसे असते, ते थोडक्यात सांगतो. खापराचा काठ सपाट फळीवर पालथा धरून खालून उजेड दिसेनासा होईपर्यंत कलता करावयाचा, म्हणजे भांड्याचा मूळ कल कळतो. मग एकात एक वर्तुळे काढलेल्या कागदावर ठेवून तोंडाचा व्यास काढावयाचा. डाव्या अंगास छेद, उजव्या अंगास बाहेरचे रूप... पण मागे बसलेल्या मातोश्री जांभया देऊ लागल्या आहेत, तेव्हा हे येथेच पुरे.

मला सांगावयाचे आहे ते निराळेच. नोकरीसाठी मी अर्ज केला होता, त्याची पोच मिळाली, मंजुरी आली, आणि त्यात कोणाचे उपकार मानण्याचे कारण मला दिसले नाही. परंतु जे काम मी कधी मागितलेच नव्हते, ज्याचे अस्तित्वही मला ठाऊक नव्हते, ते चालत आले. आणि ज्याच्यासाठी अर्जच नव्हता त्याची पोच कोणाच्या नावे लिहावी, या विवंचनेत मी आजवर आहे. गुरुजींच्या? लामतुरेंच्या? त्या तापाच्या? म्हणून मुलांनो, एवढे एकच मागणे: जे तुम्हांस आवडते त्याला, ते अजून कोवळे असतानाच, ‘याचा उपयोग काय’ असे विचारू नका. घरच्यांनाही विचारू देऊ नका. हे मी पुन्हा सांगतो, कारण उजव्या बाजूला बसलेले एक पालक मघापासून मुलाच्या कानात काही तरी कुजबुजत आहेत आणि तो मुलगा हातातला कागद सदऱ्याखाली दडवीत आहे. तो दडवू नकोस बाळ, मला दाखव. आणि भाऊसाहेब, आपण काळजी करू नका. मीही आधी कारकून झालोच होतो, पोट काही थांबले नाही. फक्त हात चालू ठेवला. मोबाइलवर रामलिंगच्या माकडाचे छायाचित्र घ्या, हवे तर शंभर घ्या. पण एकदा तरी त्याची शेपटी स्वतःच्या हाताने काढा, मग ती नेमकी कोठून सुरू होते ते तुम्हांस कळेल.

दारापाशी उभे असलेले आमच्या वेळचे घंटेचे शिपाई मामा घड्याळाकडे बोट दाखवीत आहेत, आणि त्यांचा हुकूम मोडण्याची छाती मला तेव्हाही नव्हती. मुख्याध्यापक महोदय, पारितोषिकांच्या यादीत चित्रकलेचे नाव सर्वांत शेवटी, क्रीडाप्रकारांच्याही खाली घातलेले मला दिसते. पाहुण्याचा तेवढा हट्ट पुरवावा: ते पहिले पुकारावे, आणि बक्षीस माझ्या हातून न देता गुरुजींच्या हातून द्यावे.