आरोग्याचा हक्क आणि नवे तंत्र
(साखरा, जि. हिंगोली येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



१९२८ साली मुंबई कायदेमंडळात कामगार स्त्रियांना बाळंतपणाच्या काळात लाभ देण्याचे विधेयक आले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याचे ठाम समर्थन केले आणि १९२९ साली तो कायदा झाला. गरिबाचे आरोग्य ही कुणाची मेहेरबानी नसून तो हक्क आहे, हा धडा त्यातून आपण घ्यायचा आहे.

आपल्या साखऱ्याचा माणूस आजारी पडला की आधी सेनगाव, मग हिंगोली आणि दुखणे मोठे असले तर नांदेड गाठतो. औषध फुकट मिळाले तरी गाडीभाडे लागते, मजुरी बुडते, सोबतच्या माणसाचाही दिवस जातो. म्हणून दुखणे अंगावर काढले जाते आणि त्यातही घरातली बाई सर्वांच्या शेवटी दवाखान्याची पायरी चढते.

हे अंतर कमी करण्यासाठी केंद्र शासनाने २०१९ साली 'ई-संजीवनी' सेवा सुरू केली. उपकेंद्रातील समुदाय आरोग्य अधिकारी रुग्णाला तपासतात आणि पडद्यावर दूरच्या डॉक्टरांशी गाठ घालून देतात. २०२० पासून घरूनही मोबाईलवर मोफत सल्ला घेता येतो. २०२१ साली देशभर सुरू झालेल्या योजनेत 'आभा' हा चौदा अंकी क्रमांक मिळतो. त्याला तपासण्यांच्या नोंदी जोडता येतात. ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर गेलेल्या गरोदर बहिणीच्या नोंदी अशा रीतीने तिच्यासोबत जाऊ शकतात.

परंतु मित्रांनो, यंत्र आले म्हणजे समता आली असे नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशात ५४ टक्के स्त्रियांकडेच स्वतः वापरायचा मोबाईल होता. इंटरनेट कधीतरी वापरलेले पुरुष ५७ टक्के, तर स्त्रिया अवघ्या ३३ टक्के होत्या. ज्यांना दवाखाना सर्वांत दूर, त्यांनाच मोबाईलही दूर! शिवाय पडद्यावरून बाळंतपण होत नाही, सर्पदंशाचे इंजेक्शन देता येत नाही. तेव्हा डॉक्टर, परिचारिका आणि औषधे यांची मागणी ग्रामसभेत आपण सोडता कामा नये.

विद्यार्थ्यांना माझी विनंती आहे. आठवड्यातून एक तास विहारात बसा. म्हाताऱ्या माणसांना, आयाबहिणींना ही सेवा दाखवा. 'आभा' काढणे ऐच्छिक आहे, हे आधी समजावून सांगा. त्यांच्या संमतीवाचून नोंद कुणाला दाखवू नका आणि मोबाईलवर आलेला ओटीपी अनोळखी माणसाला सांगू नये, हे त्यांच्या मनावर बिंबवा. आशाताईंना हाताशी घ्या.

शिकलेल्याचे शिक्षण न शिकलेल्याच्या उपयोगी पडले, तरच या तंत्राचा लाभ शेवटच्या घरापर्यंत पोहोचेल.