उपाशीपोटी, पण गोळी घेऊन

(उन्हाळी व्याख्यानमालेत गुंफलेले चौथे पुष्प)



आजचा विषय फलकावर लिहिताना संयोजक जरा संकोचलेच होते. कोलोनोस्कोपी म्हणजे मोठं आतडं कॅमेऱ्याच्या नळीनं आतून पाहणं, आणि त्याआधी कोठा पार धुऊन निघावा लागतो. संकोच आपण इथंच सोडू. कारण मी बोलणार आहे ते मूत्रपिंड किंवा यकृत बदललेल्या माणसाबद्दल, आणि त्याच्या बाबतीत संकोच महागात पडतो.

प्रत्यारोपणानंतर या तपासणीचा प्रसंग बऱ्याच जणांवर येतो. जुलाब थांबत नाहीत. ते मायकोफिनोलेट या रोजच्या औषधामुळे आहेत की सीएमव्ही विषाणूमुळे, हे पुष्कळदा आतड्याचा तुकडा तपासल्यावरच कळतं. पीएससी या पित्तनलिकांच्या आजारानं ज्यांचं यकृत गेलं आणि ज्यांना अल्सरेटिव्ह कोलायटिसही आहे, त्यांना तर नवं यकृत बसल्यावरही दर वर्षी ही तपासणी सांगतात.

तारीख ठरली की हाती एक छापील कागद पडतो. तो सगळ्यांसाठी एकच असतो. त्यावरचं ‘उपाशीपोटी यावे’ वाचून आपला आज्ञाधारक माणूस गोळ्याही बंद करतो. इथं घात होतो. उपाशीपोटी म्हणजे अन्नाशिवाय, गोळीशिवाय नव्हे. रिजेक्शन, म्हणजे शरीरानं नवा अवयव नाकारणं, रोखणारी एकही गोळी आपल्या मनानं वगळायची नाही. स्टिरॉइड तर नाहीच. वर्षानुवर्षं ते घेणाऱ्याच्या शरीरानं स्वतःचं स्टिरॉइड बनवणं कमी केलेलं असतं.

मात्र वेळ साधावी लागते. कोठा साफ करणाऱ्या पावडरीच्या पाण्याबरोबर घेतलेली गोळी अंगी लागण्याआधीच वाहून जाऊ शकते. समजा, टॅक्रो, म्हणजे रिजेक्शन रोखणारी टॅक्रोलिमसची गोळी, सकाळ-संध्याकाळ नऊला असते आणि तपासणी अकराला आहे. पावडरीचा पहिला लिटर आदल्या संध्याकाळी पाच ते सात, दर दहा-पंधरा मिनिटांनी एक पेला. गोळी नऊला. दुसरा लिटर पहाटे पाच ते सात. गोळी पुन्हा नऊच्या आत, दोन घोट पाण्याबरोबर. हे वेळापत्रक आधी प्रत्यारोपणाच्या आणि पोटाच्या, दोन्ही डॉक्टरांना दाखवा. पोटाच्या डॉक्टरांना तुमची टॅक्रो ठाऊक असेलच, असं धरून चालू नका. इन्शुलिन, बीपीच्या आणि लघवी वाढवणाऱ्या गोळ्या, रक्त पातळ करणारं औषध यांचं काय करायचं, तेही त्याच बैठकीत लिहून घ्या. गोळी उलटून पडली, तर दुसरी घेण्याआधी फोन करा.

आता पावडर कोणती? हा प्रश्न विचारलाच पाहिजे. पॉलिएथिलीन ग्लायकॉलचं द्रावण १९८० साली पुढे आलं, ते मुळात शरीरातलं पाणी आणि क्षार फारसे हलू नयेत म्हणूनच. चव बेताची, पण मूत्रपिंडाला मानवणारं. सोडियम फॉस्फेटचं औषध थोडं प्यावं लागतं, म्हणून लोकांना आवडे. २००५ साली अमेरिकेतल्या डॉक्टरांनी असे २१ रुग्ण नोंदवले, ज्यांच्या मूत्रपिंडात या औषधानंतर कॅल्शियम फॉस्फेट साचलं होतं. त्यातल्या चौघांना कायमचं डायलिसिस लागलं. २००८ मध्ये अमेरिकेच्या एफडीएनं कडक इशारा दिला. प्रत्यारोपण झालेल्यानं याच्या वाटेला जाऊ नये. मॅग्नेशियमवाली पावडरही मूत्रपिंडाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

उरला प्रश्न पाण्याचा, आणि माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित तोच. टॅक्रोनं मूत्रपिंडाच्या रक्तवाहिन्या आधीच आकसतात. त्यात अंगातलं पाणी गेलं की मूत्रपिंडाचा त्रास दाखवणारं रक्तातलं क्रिएटिनिन चढतं. शिवाय जुलाब लांबले तर टॅक्रोची रक्तातली लेव्हल उतरत नाही, उलट वाढू शकते, कारण ते औषध मोडणारी आतड्याची भिंतच थकलेली असते. म्हणून प्यायचं, पण नुसतं पाणी नव्हे, आणि जे प्यायचं ते पारदर्शक हवं. गाळलेली मीठ घातलेली पेज, गाळलेलं लिंबूसरबत, कोरा चहा. ताक हलकं खरं, पण पारदर्शक नाही. कोकम सरबत लाल, आतून रक्तासारखं दिसतं. शहाळ्यात पोटॅशियम भरपूर आणि टॅक्रोनं ते आधीच वाढतं, तेव्हा विचारून. पपनस मात्र कधीच नको, त्यानं लेव्हल चढते. आणि कुणी ‘आज उपासच आहे’ म्हणून साबुदाण्याची खिचडी खाल्ली, तर दाण्याचं कूट कॅमेऱ्यासमोर हजर! आदले दोन-तीन दिवस दाणे, बिया, साली, पालेभाज्या बंद. मऊ भात चालतो.

तपासणीनंतर पोट दुखलं तर घरी पडलेल्या वेदनाशामकांकडे लक्ष जातं. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांना हात लावू नका. स्टिरॉइड घेणाऱ्याच्या आतड्याला इजा झाली तरी दुखणं आणि ताप दबून राहू शकतात. तेव्हा पोट फुगलं, अंग किंचित तापलं, रक्त पडलं किंवा लघवी कमी झाली, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठायचं आणि दारातच सांगायचं, ‘माझं प्रत्यारोपण झालंय.’ क्रिएटिनिन आणि लेव्हल पुन्हा कधी तपासायची, ती तारीख घरी निघण्याआधीच मागून घ्या.

प्रश्न चिठ्ठीवर लिहून पाठवा. नाव नाही लिहिलंत तरी चालेल.