झिजलेल्या इंजिनाची चौकशी



चिटणीसांनी मला निमंत्रण दिले, तेव्हा मी संप, करार आणि कायदे यांविषयी बोलेन अशी त्यांची अपेक्षा असावी. माझे आयुष्य त्यातच गेले आहे, तेव्हा ती अपेक्षा चुकीची नव्हे. पण आज मला एका झिजलेल्या इंजिनाविषयी बोलावयाचे आहे. त्या इंजिनाने मला माझ्याच धंद्यातील एक धडा शिकवला, आणि तो तुमच्यापुढे मांडताना मला थोडी लाजही वाटते.

टू-स्ट्रोक इंजिन आपल्या पट्ट्याला नवे नाही. बजाज कंपनीचा इटलीच्या पियाज्योशी असलेला करार १९७१ साली संपला आणि १९७२ साली चेतक स्कूटर आली. ती आकुर्डीला तयार होत असे. त्या काळी आपल्याकडे असे घर विरळा, की ज्याच्या अंगणात स्कूटर तिरपी करून कोणी तरी प्लग साफ करीत नसे. या इंजिनाला झडपा नाहीत आणि तेलाची वेगळी टाकीही नाही. पेट्रोल, हवा आणि तेल यांचे मिश्रण प्रथम पिस्टनच्या खाली, क्रँकच्या पेटीत शिरते. पिस्टन खाली येताना ते दाबले जाऊन वर सिलिंडरमध्ये ढकलले जाते. म्हणजे ज्या वाटेने इंजिनाला अन्न मिळते, त्याच वाटेने त्याला वंगणही मिळते. ही एवढी गोष्ट लक्षात ठेवा. पुढची सारी हकिगत तिच्यावर उभी आहे.

२०२० च्या जून महिन्यात निसर्ग चक्रीवादळ आले. मावळात आणि खेड तालुक्यात झाडे आडवी झाली. तेव्हापासून झाडे तोडण्याचा ठेका घेणाऱ्या एका गृहस्थाने पेट्रोलवर चालणारी साखळीची करवत, जिला आपण चेनसॉ म्हणतो, ती बाळगली होती. तिचे इंजिनही टू-स्ट्रोकच. फरक इतकाच, की स्कूटरच्या मानाने ते लहान असते आणि मिनिटाला बारा-तेरा हजार फेऱ्या घेते. एके दिवशी ते जाम झाले. दुकानदाराने सांगितले, "हिच्यात आता काही राम नाही, नवी घ्या." तेव्हा तो गृहस्थ ती करवत घेऊन आमच्या शेजारच्या अण्णांकडे आला. अण्णा म्हणजे सेवानिवृत्त फिटर. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये त्यांचा वाइस, ड्रिल मशीन आणि चाळीस वर्षांची हत्यारे आहेत. रविवारी मी त्यांच्या हाताखाली काम करतो.

सिलिंडर उतरवला. पिस्टनवर धुराड्याच्या बाजूने उभे ओरखडे होते. ॲल्युमिनियम वितळून सिलिंडरच्या भिंतीला चिकटले होते. मी लगेच म्हणालो, "तेल घातलेले नाही." ठेकेदाराकडे करवत चालवणारा विशीतला एक मुलगा होता. तो म्हणाला, "काका, तेल मी मापानंच घालतो, लिटरला वीस मिली. पण चार दिवस ती ॲक्सिलरेटर सोडला तरी आपोआप पळायची." मी मनात म्हटले, कारणे सांगतो आहे. ठेकेदाराने त्याच्या मजुरीतून पिस्टनचे पैसे कापले. मी तिथेच उभा होतो. एक शब्द बोललो नाही.

आम्ही नवा पिस्टन आणि रिंग घातली. इंजिन सुरू झाले, आवाज उत्तम. आठव्या दिवशी पुन्हा जाम. या वेळी तेल मी स्वतः मोजून दिले होते.

अण्णांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "चोर सापडायच्या आधीच आपण फाशी देऊन बसलो." मग आम्ही जे पहिल्याच दिवशी करावयास हवे होते ते केले. रक्तदाब मोजण्याच्या जुन्या यंत्राचा फुगा आणि घड्याळ घेतले. धुराड्याचे तोंड सायकलच्या ट्यूबचा तुकडा लावून आवळले, कार्ब्युरेटरच्या जागी नळी बसवलेली पट्टी लावली, प्लग घट्ट केला, आणि आत हवा भरली. काटा २५० वर नेऊन सोडला. तो तिथे स्थिर राहावयास हवा. आमच्या डोळ्यांदेखत तो खाली येऊ लागला. मॅग्नेट काढून साबणाचे पाणी सोडले, तर क्रँकच्या दांड्याभोवती बारीक बुडबुडे. ऑइल सील कडक होऊन चिरले होते. त्या फटीतून इंजिन बाहेरची हवा ओढीत होते. हवा वाढली म्हणजे मिश्रणात पेट्रोलचे प्रमाण घटले, आणि पेट्रोलबरोबरच तेलही घटले. मिश्रण विरळ झाले की इंजिन तापते आणि मोकळे सोडले तरी पळत सुटते. त्या मुलाने नेमके हेच लक्षण सांगितले होते. रोग्याने रोग सांगितला होता आणि वैद्याने त्यालाच दोषी ठरवले होते.

पिस्टनवरच्या खुणा वाचता येतात, हे मला तेव्हा नीट कळले. फक्त धुराड्याच्या बाजूला ओरखडे असतील तर उष्णतेचा आणि विरळ मिश्रणाचा संशय घ्यावा. चोहोबाजूंनी असतील तर बहुधा पेट्रोलमध्ये तेलच नाही. हवा शिरते त्या बाजूला पिस्टन मळकट, घासून पातळ झाला असेल तर फिल्टरमधून धूळ गेली आहे. पुरावा पहिल्या दिवशी आमच्या हातात होता. आम्ही तो वाचला नाही.

मग खरी दुरुस्ती सुरू झाली. स्कूटरचा सिलिंडर बिडाचा. तो झिजला तर बोअर करून मोठा पिस्टन घालता येतो. करवतीचा सिलिंडर ॲल्युमिनियमचा, आत कठीण धातूचा पातळ मुलामा. तो बोअर करता येत नाही. भिंतीला चिकटलेले ॲल्युमिनियम आम्ही कापसाच्या बोळ्याने थोडे थोडे ॲसिड लावून सोडवले. हातमोजे घालून, उघड्या हवेत. मुलाम्याला नख अडकले नाही, तेव्हा सिलिंडर वाचला. रिंग सिलिंडरमध्ये सरळ ढकलून तिच्या टोकांमधली फट फिलर गेजने मोजली. कनेक्टिंग रॉड वर-खाली हलवून पाहिला. बाजूला किंचित हलला तर चालतो, वर-खाली मुळीच हलता कामा नये. दोन्ही बेअरिंगे बदलावयाची होती. ती अण्णांनी रात्रभर फ्रिजमध्ये कोथिंबिरीशेजारी ठेवली, आणि सकाळी पेटी तापवून त्यात अलगद सोडली. हातोडीचा एकही ठोका मारावा लागला नाही. पेटी थंड झाल्यावर नवी सील घातली. पिस्टनवरचा बाण धुराड्याकडे, रिंगची टोके खुंटीवर, सर्कलिप नव्या. पुन्हा हवा भरली. काटा जागचा हलला नाही. तेव्हाच पेट्रोल घातले. ती करवत आजही चालते. दोन्ही सील मिळून शंभर रुपयांच्या आतली होती.

मी पंचवीस वर्षे व्यवस्थापनापुढे उभा राहून एकच मागणी केली आहे: आरोपपत्र द्या, कामगाराचे म्हणणे ऐका, पुरावा तपासा, आणि मग शिक्षा करा. माझ्या हातात पाना आला तेव्हा मी यांतले काहीही केले नाही. मी त्या मुलाच्या खोलीवर गेलो. कापलेले पैसे अर्धे ठेकेदाराने दिले, अर्धे मी. माफी मागितली तर तो म्हणाला, "काका, पैशाचं जाऊ द्या. पुढच्या खेपेला मला पण उघडताना बघू द्या." आता रविवारी शेडमध्ये आम्ही तिघे असतो.

आज आकुर्डीला चेतक पुन्हा तयार होते, पण विजेवरची. तिच्यात पिस्टन नाही आणि धूरही नाही. हे चांगलेच आहे. जुन्या धुराचे मी गोडवे गाणार नाही. पण ज्यांच्या बोटांना झीज कळते अशी माणसे या पट्ट्यातल्या गल्लीगल्लीत निवृत्त होऊन बसली आहेत, आणि नव्या यंत्राला कान लावून ऐकण्याची गरजही संपलेली नाही. २०२२ साली केंद्र सरकारच्या ग्राहक खात्याने दुरुस्तीच्या हक्काचा विचार करण्यासाठी समिती नेमली. शेतीची अवजारे, मोबाइल, घरगुती उपकरणे आणि वाहने हे विषय तिच्यापुढे होते. सुटे भाग आणि माहितीपुस्तिका ग्राहकाला मिळाव्यात, ही मागणी रास्तच आहे. परंतु भाग मिळाला तरी बिघाड का झाला हे शोधणारा माणूस लागतो, आणि जो ते यंत्र रोज चालवतो त्याचे ऐकून घेणाराही लागतो.

तेव्हा माझी विनंती लहान आहे. घरात काही बंद पडले तर टाकण्यापूर्वी ते उघडा, आणि जवळच्या एखाद्या पोराला शेजारी बसवून उघडा. पण त्याही आधी, ते ज्याच्या हातात बंद पडले त्याला विचारा, काय झाले म्हणून; आणि तो सांगेल ते खोटे ठरेपर्यंत खरे धरा.