चुन्याची निवळी



आपल्याकडे दगडी प्रवाळांना कायद्याचे संरक्षण आहे. मी सांगतो ती टाकी माझ्या मुलाच्या जर्मनीतील घरची. समुद्राच्या लिटरभर पाण्यात सुमारे ४२० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. प्रवाळ त्यातून आपला सांगाडा बांधतो. म्हणून बंद टाकीत ते रोज घटते. कनवाळूपणाने मी तांब्याभर चुन्याची निवळी एकदम ओतली. पाणी दुधाळ झाले, होते ते कॅल्शियमही भुकटी होऊन तळाशी बसले, दोन प्रवाळ मेले! मुलगा काही बोलला नाही. त्याने प्रथम पाणी तपासण्याची पेटी आणली, मग थेंबथेंब निवळी सोडणारा पंप बसवला.

कामगारालाही वर्षाकाठचा बोनस जगवीत नाही. रोजची रास्त मजुरी जगवते. आधी मोजा, मग द्या. पण रोज द्या!