आधी मोजणी, मग वाटणी
(नाशिक येथील व्याख्यानाचा मजकूर)



बागलाण-कळवणकडील फड पद्धतीची ओळख या जिल्ह्यातील कार्यकर्त्यांना करून देण्याचे कारण नाही. मोसम, आरम, गिरणा या नद्यांवर बंधारे घालून त्याखालील जमीन फडांत विभागलेली असे. नदीला पाणी किती आहे हे पाहून यंदा किती फड भिजवावयाचे ते गाव आधी ठरवी, आणि पाणी कमी असेल त्या साली एखादा फड कोरडा राही. पुढे ओझरला बापू उपाध्ये यांच्या समाज परिवर्तन केंद्राने वाघाड धरणाच्या पाण्यावर पाणीवापर संस्था उभ्या केल्या, तेव्हा घनमापनाच्या रूपाने तेच सूत्र नव्याने आले: पाणी मोजून घ्यावयाचे आणि मग वाटावयाचे. मालकी कोणा एकाची नसलेल्या संपत्तीचा उपभोग अनेकांनी घ्यावयाचा असेल, तर याहून वेगळा न्याय्य मार्ग अर्थशास्त्राला अद्याप सापडलेला नाही. आज या सूत्राची सर्वांत मोठी परीक्षा अंटार्क्टिकाभोवतीच्या दक्षिण महासागरात चालू आहे.

या समुद्रात मालकी कोणाचीच नाही. त्याचा परिणाम काय होतो हे 1969-70च्या हंगामात दिसून आले. साउथ जॉर्जिया बेटाभोवती सोव्हिएत जहाजांनी एकाच हंगामात नोटोथेनिया जातीचे सुमारे चार लाख टन मासे काढले. पुढच्या हंगामात हा आकडा सुमारे एक लाखावर आला आणि नंतर तो मासा जवळजवळ संपुष्टातच आला. ही जहाजे कोणा भांडवलदाराची नव्हती, ती समाजवादी म्हणविणाऱ्या राज्याची होती. उत्पादनसाधने सरकारच्या ताब्यात गेली की निसर्गाची लूट आपोआप थांबते, असे मानणाऱ्यांनी हा प्रसंग विसरू नये. पंचवार्षिक योजनेच्या उद्दिष्टात टनांचा आकडा असतो. समुद्रात मागे किती शिल्लक राहिले याचा रकाना त्यात नसतो. नफ्याच्या हिशेबातही तो नसतो, हे वेगळे सांगावयास नको.

या अनुभवातून 1980 साली कॅनबेरा येथे दक्षिण महासागरातील सागरी जीवसंपदेच्या रक्षणाचा करार झाला व 1982 पासून तो अमलात आला. त्यातील दुसरे कलम क्रांतिकारक म्हणावे असे आहे. पकडल्या जाणाऱ्या माशाचाच नव्हे, तर त्या माशावर जगणाऱ्या इतर जीवांचाही विचार करून मासेमारीची मर्यादा ठरवावी, असे ते सांगते. या विचाराच्या केंद्रस्थानी आहे क्रिल. आपल्या कोकणातील जवळ्याचा हा दूरचा भाऊबंद. जेमतेम सहा सेंटिमीटर लांबीचा. देवमासा, सील, पेंग्विन या सर्वांचे अन्न तोच. त्याची पिले हिवाळ्यात समुद्रावरील बर्फाच्या खालच्या अंगाला वाढणाऱ्या शेवाळावर जगतात. म्हणून बर्फ कमी झाला की क्रिलच्या पुढील पिढीवर त्याचा परिणाम होतो. माणूस हा क्रिल जाळ्यात ओढतो तो बहुतांशी स्वतःच्या ताटासाठी नव्हे. सामन माशांच्या शेतीसाठी खाद्य आणि औषधदुकानांत विकल्या जाणाऱ्या तेलाच्या गोळ्या, असा त्याचा मुख्य व्यापार आहे.

या जिवाची मोजणी कशी होते? जहाजातून पाण्यात ध्वनिलहरी सोडतात. क्रिलच्या थव्यावर आदळून परतणाऱ्या प्रतिध्वनीवरून थव्याची घनता काढतात आणि जाळे टाकून आकाराची खातरजमा करतात. 2000 साली जपान, रशिया, ब्रिटन व अमेरिका या चार देशांच्या जहाजांनी दक्षिण अटलांटिकच्या भागात अशी पाहणी केली. तिच्यावरून सुमारे 6 कोटी टन क्रिल असल्याचा अंदाज निघाला. 2019 मध्ये नॉर्वेच्या पुढाकाराने झालेल्या पाहणीतही आकडा जवळपास तेवढाच आला. नेहमीच्या मासेमारीत मूळ साठ्याचा निम्मा भाग समुद्रात राहिला तरी पुरे मानतात. येथे पेंग्विन-देवमाशांच्या वाट्यासाठी तीन-चतुर्थांश राखावा असे ठरले. त्या हिशेबाने वार्षिक मर्यादा 56 लाख टनांच्या आसपास येते. तरीही आयोगाने प्रत्यक्षात 6 लाख 20 हजार टनांवर थांबण्याचे ठरविले. कारण सरळ आहे. एवढ्या अफाट समुद्रातील साठा मोठा असला, तरी जहाजे एकाच किनाऱ्याशी गर्दी करतात आणि पेंग्विनची पिले वाढतात ती नेमक्या त्याच किनाऱ्याशी. धरण भरलेले असले तरी शेवटच्या चारीवर पाणी पोहोचेलच असे नाही, हे वाघाडच्या शेतकऱ्याला कोणी शिकवावे लागत नाही.

म्हणूनच 2009 मध्ये या मर्यादेची विभागवार वाटणी झाली. द्वीपकल्पाच्या भागाला तिच्यातील 25 टक्क्यांहून अधिक नाही असे ठरले. ही वाटणी 2024 मध्ये मुदत संपून बाद झाली, कारण नव्या व्यवस्थेवर एकमत होऊ शकले नाही. परिणाम लगेच दिसला. 2025 च्या हंगामात जहाजे द्वीपकल्पाभोवती एकवटली, सबंध 6 लाख 20 हजार टनांची मर्यादा प्रथमच गाठली गेली आणि ऑगस्टच्या आरंभी मासेमारी बंद करावी लागली. आयोगाचे निर्णय सर्वसंमतीने होतात. सत्तावीस सदस्यांपैकी एकाने मान हलविली नाही की गाडी अडते. पूर्व अंटार्क्टिका आणि वेडेल समुद्रातील संरक्षित क्षेत्रांचे प्रस्ताव चीन आणि रशिया यांच्या विरोधामुळे वर्षानुवर्षे पडून आहेत. ‘आणखी संशोधन हवे’ ही मागणी येथे ढालीसारखी वापरली जाते. पुरावा अपुरा असेल तर जाळे थांबले पाहिजे. पुरावा गोळा होईपर्यंत जाळे चालू ठेवावयाचे, हा न्याय उलटा आहे.

या सत्तावीस सदस्यांत भारत आहे, आणि तो काही काल-परवा आलेला नाही. डॉ. सय्यद झहूर कासीम यांच्या नेतृत्वाखाली पहिली भारतीय मोहीम डिसेंबर 1981 मध्ये गोव्याहून भाड्याच्या नॉर्वेजियन जहाजाने निघाली. तेथील पहिल्या तळाला ‘दक्षिण गंगोत्री’ हे नाव मिळाले. दक्षिण गंगेच्या काठी राहणाऱ्यांना ते आपलेच वाटावे. 1985 मध्ये भारत या मत्स्यकरारात सामील झाला. 1995-96 मध्ये ‘सागर संपदा’ या जहाजाने खास क्रिलच्या अभ्यासासाठी मोहीम केली. 2021 मध्ये दोन्ही संरक्षित क्षेत्रांच्या प्रस्तावांना भारताने पाठिंबा दिला, ही समाधानाची गोष्ट. भारत तेथे व्यापारी क्रिल-मासेमारी करीत नाही. म्हणून त्याच्या शब्दाला नैतिक वजन आहे. पण मतभेदाच्या खोलीत नैतिक वजनापेक्षा स्वतःच्या पाहणीचे आकडे अधिक कामास येतात, आणि एका मोहिमेचे आकडे तीस वर्षे पुरत नाहीत.

कोणी म्हणेल, रत्नागिरी-मालवणचा छोटा मच्छीमार पर्ससीन जाळ्यांनी नागवला जात असताना ध्रुवाची उठाठेव कशाला? प्रश्न रास्त आहे. पण उत्तर त्याच्याच बाजूचे आहे. महाराष्ट्राचा सागरी मासेमारी नियमन कायदा 1981चा. पर्ससीनवर निर्बंध घालणारा आदेश 2016चा. कागद येथे कमी नाहीत. ध्रुवाकडे अलीकडे प्रत्येक क्रिल-जहाजावर निरीक्षक असतो; तो काय निघाले, किती निघाले, जाळ्यात आणखी कोण अडकले याची नोंद करतो. मालवणच्या यांत्रिक बोटींवर असा निरीक्षक बसविण्याची मागणी करणाऱ्याच्या हाती हे उदाहरण असणे उपयोगाचे आहे.

जून 2025 मध्ये कोलकात्याच्या सरकारी जहाजबांधणी कारखान्याने भारताचे पहिले ध्रुवीय संशोधन जहाज बांधण्यासाठी नॉर्वेच्या कंपनीशी सामंजस्य करार केला. त्या जहाजावर क्रिल मोजण्याची ध्वनियंत्रे असतील काय, जीवशास्त्रज्ञांच्या वाट्याला वर्षातून किती दिवस येतील, आणि हाती आलेले आकडे सर्वांसाठी खुले राहतील काय, हे प्रश्न पक्षाच्या खासदारांनी अंदाजपत्रकाच्या चर्चेत विचारावेत. जहाजाचा आराखडा पक्का होण्याआधी विचारावेत.